हार्ड डिस्क गेली? आधी डेटा, मग सॉफ्टवेअर

लॅपटॉप सुरू केला आणि स्क्रीनवर फक्त ‘बूट डिव्हाइस नॉट फाउंड’. अशा वेळी बरेच जण लगेच विंडोज पुन्हा टाकायला घेतात. खरं तर हे काम सगळ्यात शेवटी करायचं. का, ते बघू.

डिस्कवर दोन प्रकारच्या गोष्टी असतात. विंडोज, आर, क्यूजीआयएस ही सॉफ्टवेअर्स कधीही पुन्हा डाउनलोड करता येतात. दुसरा तुमचा डेटा: तोरणमाळला पावसाळ्यात घेतलेल्या वनस्पतींच्या नोंदी किंवा धडगावला रेकॉर्ड केलेल्या पावरी बोलीतल्या गोष्टी. गोष्ट सांगणारी आजी पुढच्या वर्षी भेटेलच असं नाही. त्याच डिस्कवर विंडोज टाकलं, तर नव्या फाइल्स नेमक्या या नोंदींच्या जागी लिहिल्या जाऊ शकतात. मग त्या कोणालाच परत मिळवता येत नाहीत.

आधी बिघाड ओळखा

हार्ड डिस्कमधली तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरते आणि वाचणारं हेड तिला न टेकता अगदी जवळून सरकतं. आतून ‘टक-टक’ असा आवाज येत असेल, तर मशीन लगेच बंद करा. प्रत्येक वेळी चालू केल्यावर नुकसान वाढू शकतं. डिस्क घरी उघडू नका, कारण धुळीचा कणही पुरतो. हे काम डेटा रिकव्हरीवाल्यांचं.

आवाज नाही, डिस्क दिसते, पण फाइल्स उघडत नाहीत? लाइट गेल्यामुळे मशीन अचानक बंद पडलं की असं होऊ शकतं. डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा आणि ‘डीडीरेस्क्यू’ने तिची पूर्ण प्रत दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर घ्या. हा मोफत प्रोग्राम आधी चांगला भाग उचलतो, खराब भागाकडे नंतर वळतो. पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर करा. ‘टेस्टडिस्क’ हरवलेलं पार्टिशन शोधतं. ‘फोटोरेक’ फाइल्स काढून देतं, पण बहुतेकांची मूळ नावं जातात.

डेटा हाती आला की मगच नव्या डिस्कवर सॉफ्टवेअर टाका, आणि व्हर्जन जुनंच ठेवा. आरचं पॅकेज बदललं तर तीच आकडेमोड वेगळं उत्तर देऊ शकते. म्हणून व्हर्जनची यादी डेटासोबतच सेव्ह केलेली असावी.

टेंभलीचा धडा

देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. ते कार्ड हरवलं तरी पुन्हा छापून मिळतं, कारण मूळ नोंद कार्डावर अवलंबून नाही. आधारची डेटा सेंटर्सही दोन ठिकाणी आहेत, बंगळुरू आणि मानेसर. आपला लॅपटॉप म्हणजे ते कार्ड समजा. नोंद दुसरीकडे हवीच.

नियम सोपा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. धडगाव-मोलगीकडे नेटवर्कचा भरवसा नसतो. तिथे रोज संध्याकाळी एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी करा, आणि शहाद्याला किंवा नंदुरबारला आलात की क्लाउडवर चढवा.

बॅकअप तपासतही राहा. डिसेंबर २०२१ मध्ये क्योटो विद्यापीठाच्या सुपरकॉम्प्युटरवरच्या सुमारे ७७ टेराबाइट फाइल्स बॅकअपच्याच प्रोग्राममधल्या दोषामुळे पुसल्या गेल्या. म्हणून महिन्यातून एकदा बॅकअपमधली एखादी फाइल उघडून बघा. आज कोणती बघताय?