परदेशी सामान पाठवताय? आजीचा देव्हारा आधी तपासा

अजिंठा लेणी पाहून परतताना फर्दापूरला घेतलेली दगडी बुद्धमूर्ती आणि आजीच्या देव्हाऱ्यातला पितळी बाळकृष्ण. परदेशी स्थायिक होताना दोन्ही एकाच खोक्यात भरले जातात. कायद्याच्या नजरेत मात्र दोन्ही सारखे नाहीत.

नियम काय आहे?
पुरावशेष व कलानिधी कायदा, १९७२ नुसार १०० वर्षे किंवा त्याहून जुनी मूर्ती, नाणे, चित्र, कलाकुसरीची वस्तू ‘पुरावशेष’ ठरू शकते. ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेल्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षे आहे. असा पुरावशेष घरचा, वारशाने आलेला असला, तरी खासगी व्यक्तीला तो देशाबाहेर पाठवता येत नाही.

पाठवला तर?
किमान ६ महिने ते ३ वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

नवी वस्तू जुनी दिसत असेल तर?
कस्टम तपासणीत ती अडकू शकते. म्हणून खरेदीचे बिल जपून ठेवा. शंका असल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे वस्तूच्या फोटोंसह अर्ज करा. तपासणीनंतर ती पुरावशेष नसल्याचा दाखला मिळतो. हे काम न्हावा शेवाला सामान पोहोचण्याआधीच उरका.

मग आजीच्या देवांचे काय?
शंभरी ओलांडलेले देव गावी भावंडांकडे राहू द्या. सोबत न्यायला नवा बाळकृष्ण घ्या. पूजा त्याचीही होते.