युक्तता आणि सत्यता : यवतमाळच्या कपाशीतील एक युक्तिवाद

नैगामिक युक्तिवादाची परीक्षा करताना दोन निराळे प्रश्न विचारावे लागतात. आधारविधाने सत्य मानली असता निष्कर्ष असत्य असणे शक्य आहे काय, हा पहिला. ती आधारविधाने वस्तुतः सत्य आहेत काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ‘नाही’ असेल तर युक्तिवाद युक्त होय. युक्त असून ज्याची सर्व आधारविधाने सत्य आहेत, त्यास प्रस्तुत लेखात ‘निर्दोष’ म्हटले आहे. हा भेद विद्यार्थ्यांना पाठ असतो. परंतु प्रत्यक्ष वादात तो कसा निसटतो, हे सॉक्रेटिसाच्या मर्त्यत्वाचे घासून गुळगुळीत झालेले उदाहरण दाखवू शकत नाही. त्यासाठी यवतमाळ जिल्ह्यातील कपाशीच्या शेतात जावे.

‘बीटी कपाशीस बोंडअळी लागत नाही, हे वाण बीटी आहे, म्हणून यास बोंडअळी लागणार नाही.’ भारतात बीटी कपाशीस मान्यता मिळाली त्या २००२ साली हा युक्तिवाद युक्त होता, आणि २०१७ सालीही तो युक्तच होता. मधल्या काळात गुलाबी बोंडअळीने बीटीच्या प्रथम एका व पुढे दोन्ही जनुकांपासून होणाऱ्या विषास दाद देणे सोडले आणि २०१७ च्या हंगामात विदर्भातील बोंडे आतून पोखरली गेली. आकार होता तसाच राहिला, आधारविधान कोसळले.

त्याच हंगामात जिल्ह्यात कीटकनाशकांची फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजूर विषबाधेने रुग्णालयात दाखल झाले आणि सुमारे वीस जण दगावले. कारणमीमांसेच्या चर्चेत एक युक्तिवाद वारंवार कानी पडे. त्याची मांडणी अशी करता येईल :

जो संरक्षक साधने वापरतो आणि सूचनांप्रमाणे औषधाचे प्रमाण ठेवतो, त्यास विषबाधा होत नाही.
या मजुरास विषबाधा झाली.
म्हणून त्याने साधने वापरली नव्हती.

हा युक्तिवाद युक्त वाटतो, पण नाही. पूर्वांगात दोन अटी ‘आणि’ने जोडलेल्या आहेत. उत्तरांगाचा निषेध केला म्हणजे त्या जोडीचा निषेध होतो. तिच्यातील अमुकच एका अटीचा होत नाही. साधने नव्हती, किंवा प्रमाण चुकले, किंवा दोन्ही घडले, एवढेच निष्पन्न होते. औषधांचे मिश्रण दुकानदाराच्या सांगण्यावरून झाले असेल, तर दोष कोणाकडे जातो हा प्रश्न येथेच उभा राहतो, आणि घाईचा निष्कर्ष तो परस्पर मिटवून टाकतो.

याच वादाचे दुसरे रूप अधिक ढोबळ आहे : ‘साधने न वापरल्यास विषबाधा होते, यास विषबाधा झाली, म्हणून याने साधने वापरली नव्हती.’ येथे उत्तरांगाच्या स्वीकारावरून पूर्वांग सिद्ध करण्याचा दोष आहे. तो उघड करण्यास त्याच आकाराचा दुसरा युक्तिवाद पुरे होतो. गाव पुसद तालुक्यात असेल तर ते यवतमाळ जिल्ह्यात असते. वणी यवतमाळ जिल्ह्यात आहे. म्हणून वणी पुसद तालुक्यात आहे! आधारविधाने दोन्ही सत्य, निष्कर्ष उघड असत्य. मात्र यावरून त्या मजुराने साधने वापरली होती असे मुळीच ठरत नाही. युक्तिवाद अयुक्त असूनही निष्कर्ष सत्य असू शकतो. तो या मार्गाने सिद्ध झालेला नसतो, इतकेच.

आता निष्कर्ष दुरुस्त करून पहिला युक्तिवाद युक्त करून घेऊ : ‘म्हणून दोहोंपैकी निदान एक अट मोडली होती.’ तर्कशास्त्राच्या पुस्तकाचे काम येथे संपते आणि शेतातले सुरू होते. आपल्या नैयायिकांनी ‘जेथे अग्नी तेथे धूम’ हा नियम नाकारताना ओल्या सरपणाची उपाधी दाखवली, हे येथे स्मरावे. मोठ्या आधारविधानातही अशा उपाधी दडलेल्या नाहीत काय? त्या वर्षी कपाशी अनेक ठिकाणी माणसाच्या उंचीपर्यंत वाढली होती, त्यामुळे फवारा अंगावर व तोंडावर येई. हवा उष्ण व दमट होती. नव्या यांत्रिक पंपांचे तुषार अधिक बारीक असत. ज्या परिस्थितीत मूळ चाचण्या झाल्या तीच येथे होती, हे गृहीत धरल्याखेरीज आधारविधान उभे राहत नाही. सर्व अटी पाळूनही विषबाधा झालेला एकच मनुष्य सापडला, तरी ते असत्य ठरते.

परंतु तो सापडू द्यायचा की नाही, हेही युक्तिवाद करणाऱ्याच्या हाती असते. प्रत्येक रुग्णाविषयी ‘अटी पाळल्या असत्या तर विषबाधा झालीच नसती, अर्थात काहीतरी चुकलेच असेल’ असे म्हटले, की आधारविधान अनुभवाचे राहत नाही, व्याख्या बनते. ते मग असत्य होऊच शकत नाही आणि युक्तिवाद नावापुरता निर्दोषही ठरतो. पण शेतात काय घडले याविषयी तो एक अक्षरही सांगत नाही. यातून सुटण्याचा उपाय साधा आहे. मजुराने तोंडावर काय बांधले होते, कोणती औषधे कोणत्या प्रमाणात मिसळली होती, पीक किती उंच होते आणि तो किती तास शिवारात होता, या गोष्टींची नोंद त्याच्या विषबाधेवरून अनुमानाने न करता, त्यास व सोबतच्यांस विचारून, पंप व डबे पाहून, रुग्णालयात दाखल होताच करावी लागते. निष्कर्षातूनच आधार उचलला, तर आपण आरंभी विचारलेला दुसरा प्रश्न विचारलाच गेलेला नसतो.