विश्लेषण : टॅब की स्पेस? न दिसणाऱ्या खुणेपायी प्रोग्राम का अडतो?

पाली (जि. बीड) : मित्राच्या लॅपटॉपवर सुरळीत चालणारा कॉलेजचा प्रकल्प घरच्या संगणकावर घेतला, की ‘मिसिंग सेपरेटर’ एवढीच तक्रार पडद्यावर येते. संगणक शाखेच्या विद्यार्थ्यांना हा अनुभव नवा नाही. सबमिशन उद्यावर आलेले आणि कोडमध्ये तर चूक दिसत नाही. दिसणार तरी कशी? ती कोऱ्या जागेत असते.

‘मेक’ काय करते?

मोठा प्रोग्राम अनेक फाइल्सचा असतो. कोणती फाइल बदलली, त्यामुळे काय पुन्हा तयार करायचे, हे ‘मेक’ ठरवते. त्याच्या सूचना ‘मेकफाइल’मध्ये असतात. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये ते लिहिले.

टॅबची सक्ती कशासाठी?

आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू व्हावी, असा नियम आहे. तो गैरसोयीचा ठरला, तेव्हा मेक वापरणारे जेमतेम डझनभर होते, बहुतेक फेल्डमन यांचे मित्रच. त्यांचे काम बिघडू नये म्हणून नियम तसाच राहिला. त्याची किंमत जग अजून मोजते आहे! गंमत म्हणजे ओळीच्या सुरुवातीला आठ स्पेस दिल्या, तर ‘टॅब द्यायचा होता का?’ असे ग्नू मेक विचारते; काम मात्र करत नाही.

मग एका संगणकावर चालते कसे?

कारण मेक एक नाही. मायक्रोसॉफ्टचे ‘एनमेक’ स्पेसही चालवून घेते. ग्नू मेकच्या २०१० मधील ३.८२ आवृत्तीत टॅबऐवजी दुसरे चिन्ह निवडण्याची सोय आली. पण अॅपलच्या मॅकसोबत २००६ मधील ३.८१ आवृत्तीच येत राहिली. पुढच्या आवृत्तीचा परवाना बदलला होता. तिथे ही सोय वापरली, तर पुन्हा तीच तक्रार. फ्रीबीएसडीवरील मेकमध्ये तर ‘इफ’च्या अटीही वेगळ्या पद्धतीने लिहितात. त्यामुळे तिथे ग्नू मेक वेगळे बसवून ‘जीमेक’ नावाने चालवावे लागते.

विद्यार्थ्यांनी काय करावे?

एडिटरमध्ये व्हाइटस्पेस दाखवण्याची सोय सुरू करावी. व्हीएस कोडमध्ये टॅब बाणासारखा, स्पेस ठिपक्यासारखी दिसते. टॅबचे आपोआप स्पेस करणारी सेटिंग मेकफाइलपुरती बंद ठेवावी. पीडीएफमधून कॉपी केलेल्या ओळींवर तर अजिबात विश्वास ठेवू नये. फोल्डरच्या नावातही स्पेस नको. मेक त्याची दोन नावे समजते. प्रकल्प दुसऱ्याला देताना कोणते मेक, कोणती आवृत्ती, हे रीडमी फाइलमध्ये लिहावे.