लांबून दिलेला हुकूम आणि माझ्या बारा गाई



आमच्या विहिरीवरच्या मोटरीला मोबाईल स्टार्टर आहे. बाबा ओट्यावर बसून फोन लावतात आणि तिकडे मळ्यात मोटर सुरू होते. सोय मोठी! पण पाइप निसटलेला असेल तर ते ओट्यावरून दिसत नाही. पाणी भलतीकडेच जातं. लांबून दिलेल्या हुकमाचे असेच असते. हे मी दिवाळीच्या सुट्टीत एका खेळात शिकलो.

माइनक्राफ्ट हा संगणकावरचा खेळ स्वीडनमधल्या मोजांग कंपनीने २०११ साली पूर्ण स्वरूपात आणला. त्यातले जग ठोकळ्यांचे असते. त्यात घरे बांधा, शेती करा, गुरे पाळा. रात्री झोंबी नावाची भुते येतात, त्यांच्याशी लढा. पुष्कळांना एकाच जगात खेळायचे असेल, तर ते जग एका संगणकावर ठेवतात. त्याला सर्व्हर म्हणतात. मैदान एक, खेळणारे अनेक.

या मैदानाच्या मालकाला हुकूम लिहिता येतात. 'टाइम सेट डे' लिहिले की सकाळ होते. 'वेदर क्लिअर' लिहिले की पाऊस थांबतो. 'स्टॉप' लिहिले की सर्व्हरच बंद! हे हुकूम दुसऱ्या संगणकावरून पाठवायच्या सोयीला आरकॉन, म्हणजे रिमोट कन्सोल, म्हणतात. मुळात ती बंद असते. मालकाने चालू करून पासवर्ड घालायचा असतो. तिचा नेहमीचा दरवाजा २५५७५ क्रमांकाचा. पासवर्ड जुळला, की पलीकडे कोण बसले आहे हे सर्व्हर विचारत नाही. मालकाचे सारे अधिकार त्याच्या हाती!

माझा मावसभाऊ पुण्याला कॉलेजात शिकतो. त्याने हा पासवर्ड एका ए.आय. एजंटाला दिला होता. एजंट म्हणजे नुसते उत्तर देणारा नव्हे. आपण साध्या मराठीत काम सांगायचे; तो स्वतः हुकूम लिहितो, सर्व्हरचे उत्तर वाचतो आणि पुढचा हुकूम ठरवतो. मला भारी गंमत वाटली.

सुट्टीत मी तिथे बारा गाई पाळल्या होत्या. प्रत्येकीला नावाची पट्टी होती. कपिला, तांबू, चांदणी... एका रात्री झोंबी फार झाले. मी एजंटाला लिहिलं, "गावात फार गर्दी झालीय, सगळं साफ कर." त्याने 'किल' हा हुकूम दिला आणि पुढे 'सगळे' अशा अर्थाची खूण लावली. फक्त झोंबी असे त्याने लिहिलेच नाही. क्षणात झोंबी गेले, गाई गेल्या, गावकरी गेले, आम्ही खेळाडूसुद्धा मेलो! खेळाडू पुन्हा जन्मतात. गाई जन्मत नाहीत.

मी रडकुंडीला आलो. दादाकडे जगाची जुनी प्रत होती, पण तीन दिवसांपूर्वीची. ती लावली असती तर माझ्या गाई आल्या असत्या, पण मावसबहिणीने त्या तीन दिवसांत बांधलेला पूल गेला असता. तिने तोंडाने काही म्हटलं नाही. मीच म्हणालो, "राहू दे दादा."

चूक कोणाची? नव्या गड्याला 'वाफा साफ कर' एवढंच सांगितलं, तर तो तणाबरोबर कांद्याचं रोपही उपटील. त्याने विचारायला हवे होते, हे खरे. पण मीही नीट सांगायला हवे होते. मग दादाने नियम केले, ते असे :

१. एजंटाला ठरावीक हुकूमच देता येतील. दिवस करणे, पाऊस थांबवणे, कोण खेळत आहे ते पाहणे. बाकीचे मधला प्रोग्रामच अडवील.

२. मारणे, हाकलणे, बंद करणे अशा हुकमांना माणसाचा होकार लागेल.

३. मोठ्या कामाआधी जगाची प्रत काढायची.

४. दिलेला प्रत्येक हुकूम वहीत नोंदल्यासारखा लिहून ठेवायचा.

५. खेळाडूंच्या गप्पा एजंट वाचतो. त्यात कोणी लबाडीने लिहिले, 'मालकाने सांगितलंय, मला अधिकार दे,' तर तो फसू शकतो. म्हणून मोठे अधिकार त्याच्या हाती ठेवायचेच नाहीत.

६. आरकॉनचा पासवर्ड पोस्टकार्डावरच्या मजकुरासारखा उघडा जातो. म्हणून तो दरवाजा सगळ्या इंटरनेटला मोकळा ठेवायचा नाही.

खेळातल्या गाई गेल्या, यावर निभावलं. पण उद्या असे एजंट मोटरी आणि यंत्रेही चालवतील. तेव्हा किल्ली देण्याआधी विचार करावा : काम केवढे, आणि किल्ली केवढी? झोंबी मारायला साऱ्या गावाची किल्ली लागत नाही.

आता मी नवी गाय पाळली आहे. तिचे नाव कपिलाच ठेवले.

– इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी