दिवाणी दावा दाखल करण्यापूर्वी : जळोची परिसरातील जमीनविषयक वादांच्या संदर्भात

प्रस्तावना :
१२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे व वह्या जाळल्या. तेव्हा भीमथडी तालुक्यात असलेले हे गाव आज बारामती तालुक्यात आहे. या उठावामागे कर्जाच्या बोज्याइतकाच दिवाणी न्यायालयांच्या एकतर्फी हुकूमनाम्यांविषयीचा रोष होता. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्यांची मुदत तीन वर्षांवर आणली. परंतु मुदत संपण्यापूर्वीच सावकार थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेत. रक्षणासाठी केलेला कायदा अज्ञानामुळे शेतकऱ्यावरच उलटला. पुढे १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. आज सावकाराची जागा भाऊबंदकी, बांध, रस्ता व साठेखत यांच्या वादांनी घेतली आहे. मात्र अज्ञानाची किंमत कायम आहे. दाव्यापूर्वी विचारावयाच्या चार प्रश्नांची मांडणी प्रस्तुत लेखात केली आहे.

१) दाद कोणाकडे मागावी?
दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ९ नुसार, कायद्याने मनाई नसेल तर दिवाणी स्वरूपाचा प्रत्येक दावा दिवाणी न्यायालयात चालतो. कलम १६ नुसार स्थावर मिळकतीचा दावा सामान्यतः मिळकत जेथे आहे तेथेच दाखल होतो. म्हणून प्रतिवादी मुंबईत राहत असला तरी जळोचीतील जमिनीचा दावा बारामतीस करावा लागतो. तथापि शेतात जाण्याचा वहिवाटीचा रस्ता अडविल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. त्यासाठी मुदत केवळ सहा महिन्यांची आहे. कूळ असण्या-नसण्याचा प्रश्नही १९४८ च्या कूळकायद्याने महसुली अधिकाऱ्यांकडे सोपविला आहे.

२) हक्काचा पुरावा कोणता?
सातबारावर नाव आहे म्हणजे मालकी सिद्ध झाली, हा समज सार्वत्रिक आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार अशी नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते, इतकेच. फेरफाराने मालकी निर्माण होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार स्पष्ट केले आहे. साठेखतानेही मालकी मिळत नाही. खरेदीखत करून मागण्याचा हक्क तेवढा मिळतो.

३) मुदत शिल्लक आहे काय?
मुदत अधिनियम, १९६३ नुसार साठेखताच्या पूर्ततेसाठी तीन वर्षे, हक्क जाहीर करून मागण्यासाठी तीन वर्षे, तर मालकीच्या आधारे ताबा मागण्यासाठी बारा वर्षे मुदत आहे. प्रतिवादीने हरकत घेतली नाही तरी मुदतबाह्य दावा न्यायालयास फेटाळावा लागतो. अपील उशिरा झाल्यास विलंब माफ होऊ शकतो. मूळ दाव्यास ही सवलत नाही. चुकीच्या न्यायालयात सद्हेतूने व तत्परतेने घालविलेला काळ मात्र कलम १४ नुसार वगळता येतो.

४) पक्षकार व मागण्या पूर्ण आहेत काय?
वाटपाच्या दाव्यात मुलींसह सर्व सहहिस्सेदार सामील असावे लागतात. एकाच कारणावरून मिळू शकणारी मागणी गाळल्यास आदेश २, नियम २ नुसार ती पुन्हा स्वतंत्र दाव्याने करता येत नाही. शासनाविरुद्ध दावा असल्यास कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस आवश्यक असते. तातडीच्या प्रसंगी न्यायालयाच्या परवानगीने त्यातून सूट मिळते.

समारोप :
प्रत्येक वादाचे उत्तर दावा हेच असते असे नाही. २००२ पासून अमलात आलेल्या कलम ८९ ने तडजोडीचे मार्ग खुले केले आहेत. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही आणि भरलेले न्यायालय शुल्क परत मिळते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रिया तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. ग्रामीण महाविद्यालयातील अध्यापकाकडे पालक अनेकदा अशा बाबतीत सल्ला मागतात. वकिलाचे काम अध्यापकाने करू नये. परंतु ‘दाव्यास कारण नेमके कोणत्या तारखेस घडले?’ हा प्रश्न त्याने अवश्य विचारावा व ती तारीख कागदपत्रांसह लगेच वकिलास सांगण्यास सुचवावे. अनेकदा हक्क टिकणे त्या तारखेवरच अवलंबून असते.