आयईएलटीएस, मराठी डोकं आणि जर्मन शेजार

इंग्रजी माध्यमातून इंजिनिअरिंग केलं, चार-पाच वर्षं पुण्यातल्या कंपनीत इंग्रजीतून ईमेल लिहिले, मग आता पुन्हा इंग्रजीची परीक्षा कशाला? बॉबलिंगेन-झिंडेलफिंगेन भागात हा प्रश्न मला दर काही महिन्यांनी कुणीतरी विचारतं. विचारणारी व्यक्ती बहुतेक वेळा नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नोकरीमुळे इथे आलेली असते. एकाची नोकरी गाड्यांच्या कारखान्यात नाहीतर आयटीत, दुसऱ्याच्या हातात महाराष्ट्रातल्या विद्यापीठाची पदवी, आणि एस-वन लोकलने काही स्टेशनं पुढे गेलं की श्टुटगार्ट विद्यापीठाचा फायहिंगेनचा कॅम्पस. इंग्रजीतून मास्टर्स करायचं ठरतं आणि अर्जाच्या यादीत आयईएलटीएस किंवा टोफेल समोर येतं.

'शिक्षणाचं माध्यम इंग्रजी होतं' असं कॉलेजचं पत्र काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी नाही. जिथे चालत नाही तिथे वाद घालून उपयोग नसतो. परीक्षेची फी भारतात 17-18 हजार रुपयांच्या घरात आहे, इथे दिली तर त्याहून जास्त. निकाल साधारण 2 वर्षं ग्राह्य धरतात. आणि अर्धा बँड कमी पडला तर पैसे तर जातातच, पण प्रवेशाचं अख्खं वर्ष जाऊ शकतं. घरी बसलेल्या माणसासाठी ते वर्ष फार लांब असतं.

तयारीबद्दल एक सल्ला सगळीकडे मिळतो: "इंग्रजीत विचार करा." मला हा सल्ला निरुपयोगी वाटतो. पंचवीस-तीस वर्षं मराठीत विचार केलेला माणूस सहा आठवड्यांत ते थांबवू शकत नाही, आणि त्याने थांबवायची गरजही नाही. परीक्षेत आपण ज्या चुका करतो त्या वाटेल तशा पडत नाहीत. त्यांतल्या बऱ्याच मराठीच्या व्याकरणातून थेट येतात, म्हणजेच त्या कुठे होणार हे आधी सांगता येतं. मराठीकडे नीट बघितलं तर अर्धी तयारी तिथेच होते.

आमच्या ग्रुपमध्ये एक चिनी सहकारी आहे. चीनमध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी 1987 पासून कॉलेज इंग्लिश टेस्ट आहे आणि तिच्यात चिनी परिच्छेदाचं इंग्रजी भाषांतर करण्याचा एक प्रश्न असतो. त्यामुळे चिनी आणि इंग्रजी कुठे वेगळ्या वाटेने जातात हे त्याला लख्ख माहीत आहे. बोलण्यात चिनी भाषेत 'तो' आणि 'ती' दोन्हींना एकच उच्चार आहे, 'ता'. म्हणून तो घाईत स्वतःच्या बहिणीला 'ही' म्हणून जातो. चिनी क्रियापद काळानुसार रूप बदलत नाही, म्हणून 'वेंट'च्या जागी 'गो' येतं. यांतली एकही चूक मराठी माणूस करणार नाही. आपल्या चुकांचा पत्ता वेगळा आहे.

गंमत अशी की हे भाषांतराचं शिक्षण आपल्याकडेही होतं. आजोबांच्या पिढीने तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला घोटल्या: वर मराठी वाक्य, खाली इंग्रजी. आपण त्या पद्धतीला जुनाट म्हणून हसलो. पण त्यात दोन भाषा शेजारी ठेवून बघायची सवय लागत होती, आणि आपल्याला नेमकी तीच लागलेली नाही.

सगळ्यात जास्त गुण खाणारी गोष्ट म्हणजे 'अ' आणि 'द'. मराठीत आर्टिकल नाही, हे सगळेच सांगतात. पण त्यामागचा फरक मराठीत नाही, हे खरं नाही. "आम्ही मुलगी बघतोय" आणि "आम्ही मुलीला बघतोय" ही दोन वाक्यं घ्या. पहिल्यात स्थळं शोधणं चालू आहे, मुलगी अजून कुठलीही असू शकते. दुसऱ्यात ठरावीक मुलगी डोळ्यांसमोर आहे. हा 'अ' आणि 'द' यांच्यातलाच फरक आहे, फक्त मराठीने तो 'ला'वर टाकलाय. किंवा "प्लंबर आला होता" म्हटलं की ज्याची आपण वाट बघत होतो तोच प्लंबर. "एक माणूस आला होता" म्हटलं की कोण कुठला, माहीत नाही. म्हणजे कान तयार आहे, फक्त त्याला विचारायची सवय हवी. आपण लिहिलेल्या नामाआधी मनात 'एखादा' ठेवून बघा, बसला तर 'अ'. 'तो', 'ती', 'ते' ठेवून बघा, बसलं तर 'द'. दोन्ही विचित्र वाटलं, म्हणजे शिक्षण, पाणी, प्रदूषण असं सर्वसाधारण काही असेल, तर बहुतेक वेळा काहीच नको. नियम कच्चा आहे, सूर्य-चंद्राला आणि नद्यांच्या नावांना तो लागू पडत नाही, पण 250 शब्दांच्या निबंधातल्या बऱ्याचशा जागा त्याने सुटतात.

इथे जर्मनीत राहणाऱ्यांसाठी मात्र एक वेगळीच अडचण आहे, आणि पुण्या-मुंबईच्या क्लासमध्ये ती कुणी सांगणार नाही. तुम्ही संध्याकाळी फोल्क्सहोखशुलंमध्ये बी-वनचा जर्मन कोर्स करताय आणि दिवसा आयईएलटीएसची तयारी. आता जर्मन भाषा निसर्गाला आणि समाजाला सर्रास आर्टिकल लावते: 'दी नाटूर', 'दी गेझेलशाफ्ट'. तेच इंग्रजीत उतरतं आणि निबंधात 'द सोसायटी' आणि 'द नेचर' दिसायला लागतात. आर्टिकल विसरणारा माणूस सहा महिन्यांत नको तिथे आर्टिकल लावणारा होतो.

काळांचं तर याहून वाईट. "मी तीन वर्षांपासून बॉबलिंगेनमध्ये राहतो", मराठीत साधा वर्तमानकाळ. जर्मनमध्येही 'इश वोनं झाइट द्राय यारन', साधा वर्तमानकाळच. इंग्रजीला मात्र तिथे 'हॅव लिव्ह्ड' हवं, आणि 'सिन्स' नाही तर 'फॉर'. तसंच "मी काल त्याला मेल पाठवला आहे" हे मराठीत चालतं. जर्मन माणूसही 'हाबं' आणि 'गेस्टर्न' एकाच वाक्यात आनंदाने ठेवतो. इंग्रजीत 'यस्टर्डे' आलं की 'हॅव' गेलं, 'आय सेंट' म्हणायचं. आणि शब्द 'पर्यंत': "शुक्रवारपर्यंत पाठवतो" आणि "शुक्रवारपर्यंत इथे आहे" या दोन्हींना आपला शब्द एकच. जर्मनचाही एकच, 'बिस'. इंग्रजीत पाठवण्याला 'बाय फ्रायडे' आणि राहण्याला 'टिल फ्रायडे'. दोन भाषा एका बाजूला आणि इंग्रजी एकटी दुसऱ्या बाजूला, असं हे चित्र आहे. इथल्या लोकांच्या इंग्रजीतून हेच रोज कानावर पडत असल्यामुळे ते खटकणंही बंद होतं. ऑफिसात कुणी टोकत नाही, कारण समोरच्या जर्मन सहकाऱ्यालाही ते बरोबरच वाटतं!

बाकीच्या काही जागा पटकन सांगतो. मराठीचा 'च' इंग्रजीत 'ओन्ली' होऊन येतो: 'आय स्टे हिअर ओन्ली'. 'वेगवेगळे' हे 'डिफरंट डिफरंट' होतं. 'कळतंय' आणि 'वाटतंय' यांमुळे 'आय ॲम अंडरस्टँडिंग' येतं, इंग्रजीत साधं 'आय अंडरस्टँड' पुरतं. सल्ले मराठीत मोजता येतात, इंग्रजीत 'ॲडव्हाइस' मोजता येत नाही. "तो म्हणाला की मी येतो" यात मराठी त्याचे मूळ शब्द तसेच ठेवते, इंग्रजीत 'मी'चा 'तो' करावा लागतो आणि काळ मागे न्यावा लागतो. आणि नकारार्थी प्रश्नाला आपण "हो, नाही आवडत" म्हणतो, तसं चिनी माणूसही म्हणतो. इंग्रजीत ते 'नो, आय डोन्ट' आहे. 'येस' ऐकून परीक्षक गोंधळतो.

ऐकण्याच्या भागात 40 प्रश्न असतात, आणि रिकाम्या जागेत लिहिलेल्या शब्दाचं स्पेलिंग चुकलं तर गुण जातो. इंग्रजीसाठी आपण वर्णमालेत ॲ आणि ऑ घेतले, पण 'ए' एकच राहिला. म्हणून आपण 'टेस्ट' लिहितो तेव्हा ती परीक्षा की चव, 'पेन' म्हणजे लेखणी की वेदना, 'गेट' म्हणजे मिळव की फाटक, हे संदर्भावरूनच कळतं. इंग्रजीत हे वेगळे स्वर आहेत: एकात जीभ जागेवर राहते, दुसऱ्यात शेवटी 'इ'कडे सरकते. अशा जोड्या आठवडाभर रोज दहा मिनिटं ऐका. बोलताना 'व'कडे लक्ष द्या. प्यायच्या वाइनला ओठांचा चंबू होतो, वेलीच्या 'व्हाइन'ला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. आपला 'व' या दोन्हींच्या मधे कुठेतरी आहे. ब्रिटिश उच्चार करायचा प्रयत्न मात्र नको. परीक्षेला समजेल असा उच्चार हवा, उसना नको.

आकड्यांचीही एक जागा आहे. तक्त्यावर 1.2 मिलियन दिसतं आणि डोक्यात 12 लाख होतं. माझ्या सहकाऱ्याच्या डोक्यात 120 'वान' होतं, कारण चिनी मोजणी दहा हजारांच्या गठ्ठ्यांनी चालते. दोघंही आकडा आधी आपल्या भाषेत आणून मग परत नेतात. लिहिताना तक्त्यात जसा आहे तसाच उतरवा, मधे लाख आणू नका.

आता लेखनाचा भाग, कारण चांगलं इंग्रजी येणाऱ्या मराठी मुलांचे गुण जातात ते इथे. 60 मिनिटांत दोन लेखनं: पहिलं तक्त्याचं किंवा आलेखाचं वर्णन, किमान 150 शब्द. दुसरं निबंध, किमान 250 शब्द, आणि त्याचं वजन पहिल्याच्या दुप्पट. म्हणून 20 मिनिटं पहिल्याला आणि 40 दुसऱ्याला, हे घड्याळ पाळायचं. पहिल्यात इंजिनिअर मंडळी एक नेहमीची गोष्ट करतात: आलेख का वर गेला याची कारणं देतात. ती कुणी विचारलेली नसतात. काय दिसतंय, काय सगळ्यात मोठं, कुठे बदल, एवढंच हवं.

निबंधाची अडचण इंग्रजीची नाहीच, ती आपल्या शाळेतल्या मराठी निबंधाची आहे. आपल्याला शिकवलं होतं की सुरुवात सुविचाराने किंवा एखाद्या प्रसंगाने करावी, मग विषयाभोवती फिरत जावं, अधूनमधून म्हण पेरावी आणि आपलं मत शेवटी हळूच सांगावं. वाचणारे बाई-सर त्यावर खूश असत. आयईएलटीएसचा परीक्षक पहिल्या परिच्छेदात बघतो की प्रश्नाला उत्तर आहे का. पुढे एका परिच्छेदात एक मुद्दा, त्याचं कारण, एक ठोस उदाहरण. रॉबर्ट कॅप्लन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने 1966 साली इंग्रजी लेखन म्हणजे सरळ रेघ आणि आशियाई लेखन म्हणजे आत आत जाणारा भोवरा अशी चित्रं काढली होती. त्यांच्यावर पुढे भरपूर टीका झाली, आणि ती रास्तच होती. सगळ्या आशियाला एक भोवरा कसा पुरेल? पण हा भोवरा डोक्यात नसून शाळेत शिकवलेला आहे, असं मानलं तर त्यातून काम होतं. शिकवलेली गोष्ट बाजूला ठेवता येते. मराठीत निबंध लिहा तेव्हा खुशाल फिरा, इथे 40 मिनिटं सरळ चाला.

क्लासवाले पाठ करायला पन्नास चकचकीत वाक्यं देतात. परीक्षकांना पाठ केलेलं ओळखायचं प्रशिक्षण असतं. चकचकीत सुरुवात आणि मग तुमचं खरं इंग्रजी, हा सांधा लगेच दिसतो.

तोंडी परीक्षा 11 ते 14 मिनिटांची असते. मधल्या भागात एक कार्ड देतात, 1 मिनिट विचार करायला आणि मग 1 ते 2 मिनिटं सलग बोलायचं. वडीलधाऱ्या किंवा अनोळखी माणसाने विचारलं की मोजकं उत्तर देणं हा आपल्याकडे चांगुलपणा समजतात. इथे त्याचे गुण मिळत नाहीत, कारण दोन शब्दांवरून कुणाचं इंग्रजी मोजता येत नाही. फोनवर रोज एका विषयावर 2 मिनिटं रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी ऐकलं तर चुका ऐकू येत नाहीत. ऐकताना वरचीच यादी हातात ठेवा: 'ओन्ली' किती वेळा, 'सिन्स' कुठे, 'द' कुठे नको होतं. पंधरा दिवसांत तुमची स्वतःची यादी होईल आणि ती माझ्या यादीपेक्षा लहान असेल.

शेवटी हिशेबाचा एक भाग. चार भागांची सरासरी जवळच्या अर्ध्या बँडला नेतात, आणि बरोबर पाव उरला तर वरच्याला. 7, 7, 6 आणि 5.5 मिळाले तर सरासरी 6.375 आणि निकाल 6.5. पण 6, 6, 6 आणि 6.5 मिळाले तर सरासरी 6.125 आणि निकाल 6. पहिल्या माणसाचा एकूण बँड चांगला दिसतो, तरी एखादा कोर्स 'प्रत्येक भागात किमान 6' मागत असेल तर त्याचा 5.5 आडवा येतो. म्हणून परीक्षेची तारीख घेण्याआधी कोर्सच्या पानावर ही ओळ आहे का ते बघा, आणि असेल तर उरलेले आठवडे तुमच्या सगळ्यात कच्च्या भागाला द्या.