आधी मोजा, मग खोला

जुनी स्नोमोबाइल चढावर दम टाकू लागली, पहिल्यासारखा जोर लावेनाशी झाली, की मालकाचा हात आधी कार्ब्युरेटरकडे जातो. तो खोलायचा, जेट साफ करायचे, नवे प्लग टाकायचे आणि गाडी पुन्हा बर्फावर काढायची. कधी एवढ्याने काम भागते. पुष्कळदा मात्र दोष दुसरीकडेच असतो, आणि मग एकेक सुटा भाग बदलत जाण्यात पैसाही जातो आणि हिवाळाही. अशा इंजिनाच्या बाबतीत क्रम उलटा हवा, असे माझे म्हणणे आहे. आधी मोजावे, मोजमापावरून दोषाची जागा हेरावी आणि त्यानंतरच पाना हाती घ्यावा. यात वेळ आणि पैसा वाचतोच, पण त्याहून मोठे कारण म्हणजे जुन्या इंजिनात ताकद कमी होणे ही अनेकदा मोठ्या बिघाडाची पहिली सूचना असते. ती वरवरच्या उपायाने दडपली, तर पुढची सूचना इंजिन सीज, म्हणजे जाम होऊनच मिळते.

पुढे दोन स्की, मागे फिरणारा रबरी पट्टा आणि मध्ये इंजिन अशी ही गाडी. क्वेबेकमधल्या व्हॅलकूर गावच्या जोझेफ-आर्मां बोम्बार्दिए यांनी १९५९ मध्ये ‘स्की-डू’ बाजारात आणली आणि उत्तर अमेरिकेच्या बर्फाळ मुलखात एकट्यादुकट्याला परवडेल असे वाहन मिळाले. जुन्या मॉडेलांत बहुधा टू-स्ट्रोक इंजिन असते आणि त्याची ताकद दोन पुल्यांमधल्या बेल्टमार्फत पट्ट्याकडे जाते. ऐंशीच्या दशकात पुण्याच्या कायनेटिकने होंडाच्या जोडीने आणलेली बिनगिअरची कायनेटिक होंडा ज्यांनी चालवली, त्यांना ही रचना परकी वाटणार नाही. त्या स्कूटरमध्येही टू-स्ट्रोक इंजिन आणि बेल्टचीच यंत्रणा होती.

या रचनेमुळे ‘ताकद गेली’ या एका तक्रारीत दोन वेगळे प्रश्न दडलेले असतात. इंजिनात ताकद तयारच होत नाही, की तयार झालेली ताकद पट्ट्यापर्यंत पोचत नाही? याचा पहिला साक्षीदार म्हणजे आरपीएमचा काटा. थ्रॉटल पूर्ण दाबल्यावर काटा नेहमीच्या कमाल आकड्यापर्यंत, म्हणजे अनेक जुन्या इंजिनांत सात-आठ हजारांपर्यंत चढत असेल आणि तरी वेग येत नसेल, तर इंजिनाला दोष देण्यात अर्थ नाही. बेल्ट झिजून अरुंद झाला असेल, त्यावर चकाकी चढून तो घसरत असेल किंवा पुली मोकळेपणाने सरकत नसेल. काटाच वर जात नसेल, तर संशय इंजिनाकडे वळतो, पण तिथेही घाई नको. मागच्या पुलीची स्प्रिंग सैल पडली तरी आरपीएम खाली राहतात. इंजिन बंद ठेवून, बेल्ट काढून आणि गाडीचा मागचा भाग उचलून पट्टा हाताने फिरवून पाहावा. ब्रेक धरून राहिला असेल किंवा एखादे बेअरिंग अडकले असेल, तर धडधाकट इंजिनही दबून जाते. एअरबॉक्सही उघडून पाहावा, कारण उन्हाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत उंदरांनी घरटे करून हवेची वाट बुजवलेली असू शकते.

इथवर काही सापडले नाही, तर सिलिंडरमधला दाब मोजणाऱ्या कॉम्प्रेशन गेजची पाळी. इंजिन गरम करून बंद करायचे, सगळे प्लग काढून त्यांच्या वायरींना अर्थिंग द्यायचे, थ्रॉटल पूर्ण उघडा धरायचा आणि गेजचा काटा चढायचा थांबेपर्यंत स्टार्टरची दोरी ओढायची. मॉडेलनुसार आकडा बदलतो, पण अनेक जुन्या इंजिनांत तो ११० ते १३० पीएसआयच्या आसपास असतो. या आकड्याइतकाच दोन सिलिंडरांमधला फरक बोलका असतो. तो दहा टक्क्यांहून जास्त भरला, तर एका बाजूची रिंग, पिस्टन, बोअर किंवा हेडचे पॅकिंग गेले आहे असे समजावे. मग एक्झॉस्ट सोडवून पोर्टमधून आत उजेड टाकला, तर पिस्टनच्या अंगावरचे उभे ओरखडे डोळ्यांनी दिसू शकतात. असे कॉम्प्रेशन गेलेले इंजिन जेट कितीही साफ केले तरी सुधारणार नाही.

कॉम्प्रेशन ठीक असूनही जोर येत नसेल, तेव्हा सर्वांत फसवा दोष तपासायचा राहतो, तो म्हणजे हवेची गळती. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस पंपाचे काम करते. पिस्टन खाली येताना तिथले मिश्रण दाबले जाते आणि वर सिलिंडरमध्ये ढकलले जाते. म्हणून क्रँकच्या दोन्ही टोकांचे ऑइल सील हवाबंद असावे लागतात. वर्षानुवर्षांनी त्यांचे रबर कडक होते, तडकते आणि बाहेरची हवा आत शिरून मिश्रणात पेट्रोल कमी पडते. अनेक मॉडेलांत पेट्रोलचा पंपही क्रँककेसमधल्या दाबाच्या ठोक्यांवरच चालतो, त्यामुळे सील गळला की पंपही अशक्त होतो. लक्षणे मात्र हुबेहूब तुंबलेल्या जेटसारखी दिसतात. मालक जेट साफ करतो किंवा मोठा जेट बसवतो, गाडी थोडी सुधारल्यासारखी वाटते आणि गळती तशीच राहते. कमी पेट्रोलच्या मिश्रणावर सिलिंडर जास्त तापतो. ज्या गाड्यांत तेल पेट्रोलमध्येच मिसळतात, त्यांत वंगणही त्याच प्रमाणात घटते. अशा अवस्थेत पूर्ण वेगाने धावताना पिस्टनला भोक पडू शकते. ही गळती शोधायची तर इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून क्रँककेसमध्ये सहा-सात पीएसआय हवा भरावी, दाब काही मिनिटे टिकतो का ते पाहावे आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे शोधावेत.

यावर कोणी म्हणेल की उन्हाळ्यात पेट्रोल आटून जेटमध्ये चिकट थर बसतो हे खरेच आहे, मग स्वस्तातला उपाय आधी का करू नये? जेट साफ करायला माझी हरकत नाही. पण कॉम्प्रेशन बघायला फक्त प्लग काढावे लागतात आणि पाव तासात उत्तर मिळते. ते हाती असले की जेट साफ केल्यावर झालेल्या सुधारणेचा अर्थ लावता येतो, नसले तर ती सुधारणाच दिशाभूल करते. दुसरा आक्षेप अनुभवाचा. मुरलेला मेकॅनिक नुसत्या आवाजावरून दोष सांगतो, असे म्हणतात. काहीतरी बिनसले आहे हे कानाला लवकर कळते, यात शंका नाही. पण दोन वेगवेगळे दोष एकाच आवाजात बोलत असतील, तर कान त्यांना वेगळे कसे करणार? कोणती चाचणी आधी करायची हे ओळखण्यात अनुभवाचा खरा कस लागतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. ताकदीतली प्रत्येक घट हा बिघाड नसतो. काश्मीरमधले गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. महाराष्ट्रातून जाणारे पर्यटक तिथे स्नोमोबाइलवर बसतात, त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम तीन चतुर्थांश असतो. हवाच कमी, तर कार्ब्युरेटरच्या इंजिनाची ताकदही साधारण तेवढ्याच प्रमाणात घटणार. उलट उणे तीस अंश सेल्सिअसला हवा वीस अंशांच्या मानाने सुमारे वीस टक्के दाट असते, तेव्हा पेट्रोल जास्त लागते आणि त्यासाठी जेट बदलावा लागतो. पण या आक्षेपातून मोजण्याची गरज आणखीच ठळक होते. उंची, तापमान आणि जेटचा क्रमांक नोंदवल्याशिवाय हवामानाचा परिणाम कोणता आणि इंजिनाची झीज कोणती, हे सांगताच येत नाही.

म्हणूनच जुनी गाडी बाळगणाऱ्याने दर वर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून तारखेसह वहीत लिहावे. एकटा आकडा फारसे काही सांगत नाही, पण पाच वर्षांचे आकडे शेजारी ठेवले की सावकाश होणारी झीज आणि अचानक झालेला बिघाड वेगळे दिसतात. गोठलेल्या सरोवरावर, वस्तीपासून तीस किलोमीटर दूर इंजिन सीज झाले तर प्रश्न दुरुस्तीच्या खर्चाचा उरत नाही, जिवाचा होतो. तो धोका टाळण्याची किंमत म्हणजे एक गेज, एक वही आणि वर्षाकाठी पाव तास. म्हातारी गाडी टिकवायची ज्याची मनापासून इच्छा आहे, त्याने पाना उचलण्याआधी एवढे करावेच.